यातली आईची वाटी कुठली?

माझ्या वहिनीला तुम्ही ओळखता. नाव सांगून उपयोग नाही, पण चेहरा बघितलात की म्हणाल, अरे, ही तर ती पाकिटवाली. संध्याकाळच्या बातम्यांच्या मध्ये येते. आधी डोळे विस्फारते, मग खळखळून हसते आणि सूपचं पाकीट छातीशी धरते. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा कारभार. पण त्या अर्ध्या मिनिटात त्या लोकांनी माझ्या वहिनीची जी शोभा केली, ती कशी केली हे मी तिथं उभं राहून बघितलंय. दादा म्हणतो, जाऊ दे ग, झालं गेलं. दादाचं अर्धं आयुष्य जाऊ दे म्हणण्यातच गेलं. मी नाही जाऊ देणार.

मी तिची नणंद. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, आणि कंबर वाढली ती कापड आटलं म्हणून असं सांगणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. दिवसभर ऐकून घेतलं की संध्याकाळी बोलावंसं वाटतं. माझी जीभ तिखट आहे असं घरात सगळे म्हणतात. वहिनी कधी म्हणाली नाही, पण ती कुणाबद्दलच काही म्हणत नाही.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिला चहासुद्धा धड करता येत नव्हता. आमच्या आईनं तिला त्यावरून पुरतं सोलून काढलं. भात चिकट झाला की आई ताट पुढे सरकवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. वहिनी उलटून बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत करत तिचा हात बसला. आईनं ताट सरकवणं बंद केलं, पण चांगलं झालंय असं म्हणायला तिची जीभ काही रेटली नाही.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली आणि गिळायची पंचाईत झाली. पाणीसुद्धा ठसक्यानं बाहेर यायचं. इस्पितळातून आलेलं पांचट, मऊ अन्न आई थुंकून टाकायची, निम्मं अंथरुणावर, निम्मं वहिनीच्या अंगावर. तेव्हा वहिनीनं ते सूप बसवलं. गाजर आणि कांदा आधी मंद आचेवर नुसता भाजून घ्यायचा, मग थोडा बटाटा, मूठभर मऊ भात, आणि शेवटी दोनच मिरी कुटून. गाळायचं नाही, घोटायचं. किती दाट ठेवायचं हे तिनं आईच्या गळ्याकडे बघून ठरवलं. आई ते गिळायला लागली. वाटी संपली की चालत्या हातानं चमचा वाटीवर आपटायची. माझ्या आईच्या तोंडून सुनेला मिळालेली शाबासकी ती एवढीच, पण ती रोज मिळायची. आई गेली तोपर्यंत ते सूप एकही दिवस चुकलं नाही.

आईला बघायला येणारी एक नर्स होती. तिनं आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमात ही गोष्ट सांगितली, आणि तिथल्या व्यवस्थापकबाई स्वतः घरी आल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी वहिनी दोन मोठे डबे घेऊन तिकडं जायची. कुणाला मिरी सोसत नाही, कुणाला मीठ बंद आहे, कुणाची कवळी दुरुस्तीला गेली आहे, हे सगळं तिच्या डोक्यात. तिथले म्हातारे तिची वाट बघत दाराशी खुर्च्या ओढून बसायचे. पैसे मिळायचे तेही होतंच, पण ती जाताना केस नीट करून जायची, त्यावरून मला काय ते कळायचं.

आता जाहिरातींकडे येते. मला त्यांचं आधी काही वाटायचं नाही. लागल्या की मी उठून घड्या घालायला घ्यायची. त्यांच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत आणि शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. पांढरा कोट घातलेला एक माणूस येतो. तो डॉक्टर आहे असं कुणी म्हणत नाही, पण कोट आहे ना, मग झालं. एक शेजारीण असते, तिला दुसरा उद्योगच नसतो. आपल्याकडे शर्टावर डाग पडला रे पडला की ही दारात डबा घेऊन हजर. माझ्या शेजारणीनं इतक्या वर्षांत मला चिमूटभर साखर दिलेली नाही. एका बाईचे केस आधी अंधारात विस्कटलेले, मग उजेडात चकचकीत. दिवा लावला की केस वाढतात होय? पोरं गातात, आजोबा नाचतात, दात दुखणाऱ्याच्या गालात लाल विजा चमकतात. पण हे सगळं खोटं आहे हे दाखवणाऱ्याला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही, म्हणून त्याचा राग येत नाही.

पण अलीकडे एक तऱ्हा निघाली आहे, ती सगळ्यांत हलकट. तिच्यात नटनट्या नसतात, खरी माणसं असतात. खरी आई, खरा मुलगा. कॅमेरा मुद्दाम थोडा हलता ठेवायचा, बोलणाऱ्याला थोडं अडखळू द्यायचं, आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं की हे अभिनेते नाहीत. म्हणजे खोटं बोलायचं ते आपण, आणि तोंड वापरायचं दुसऱ्याचं. ज्याच्या तोंडाकडे बघून कुणाला संशय येणार नाही असं तोंड शोधत ही माणसं गावभर फिरतात. फिरत फिरत एक टोपीवाला आमच्या चिरंजीवांच्या दुकानात आला.

चिरंजीव म्हणजे वहिनीचा मुलगा, माझा एकुलता एक भाचा. पोरगा वाईट नाही. मोबाइलच्या दुकानात काम करतो, देखणा आहे, आणि आपण देखणे आहोत हे त्याला फार लवकर कळलं, एवढाच त्याचा दोष. टोपीवाला फोनची काच बदलायला आला होता. गप्पांत आयांचा विषय निघाला, आणि चिरंजीव म्हणाले, माझ्या आईसारखं सूप जगात कुणी करत नाही. टोपीवाला त्याच संध्याकाळी घरी आला.

त्यानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. ते खरं होतं, तेवढं मी मान्य करते. मग त्यानं वहिनीला अशी काही हरभऱ्याच्या झाडावर चढवली की विचारू नका. म्हणाला, आम्हाला आईच्या हाताच्या चवीवर फिल्म करायची आहे आणि ती आई तुम्हीच. वहिनीनं एकच गोष्ट विचारली, की कुणाची वस्तू विकायची आहे का. तो म्हणाला, खर्च कंपनीचा आहे, त्यामुळे शेवटी त्यांचं पाकीट जरासं दिसेल, पण गोष्ट तुमचीच. दादा म्हणाला, बघ बाई, तुला हवं तर कर. वहिनी माझ्याकडे बघून हसली. आई गेल्यापासून त्या घरात तिच्या स्वयंपाकाबद्दल कुणी चार शब्द बोललं नव्हतं, आणि हा परका माणूस तासभर बोलत होता. ती हो म्हणाली यात मला काही नवल वाटलं नाही.

वहिनीचं स्वयंपाकघर दिव्यांना पुरणार नव्हतं, म्हणून त्यांनी एका गोदामात 'खरं स्वयंपाकघर' उभं केलं होतं. त्याला छप्पर नव्हतं आणि नळाला पाणी नव्हतं. सोबत म्हणून मी गेले होते. वहिनीनं घरचं पातेलं नेलं होतं. सगळ्यांना चव बघू द्या असं टोपीवाला म्हणाला होता, म्हणून तिनं भरपूर केलं. कांदा भाजायला लागला तशी ती दिवेवाली, वायरवाली माणसं एकेक करून जवळ सरकायला लागली. पहिल्यांदा एकानं लाजत वाटी पुढे केली. मग रांगच लागली. वहिनी वाढत होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, आत्ता घ्या हिचा फोटो. कुणी घेतला नाही. शेवटी एकानं पावाच्या तुकड्यानं पातेलं आतून पुसून खाल्लं, आणि तेव्हा कुठं टोपीवाला म्हणाला, चला, आता चव घेण्याचं दृश्य.

पातेलं तर कोरडं. वहिनी बिचारी गाजरं शोधायला लागली, म्हणाली, थोडा वेळ द्या, पुन्हा करते. तो म्हणाला, काही गरज नाही. आणि त्यानं टेबलावर दोन रिकाम्या वाट्या मांडल्या. एकीत गरम पाणी ओतलं, चमच्यातून थेंब पडलेला दिसावा म्हणून.

चिरंजीवांना सांगितलं, चमचा तोंडात घाल, डोळे मीट, मग डावीकडच्या वाटीवर बोट ठेव आणि म्हण, हे आईचं. ते झालं. मग सांगितलं, आता तेच उजवीकडे. दोन्ही बाजूंनी घेऊन ठेवतो, म्हणाला. दादाला सांगितलं, नुसती मान डोलवा. त्याला ते छान जमलं, घरीही तो दुसरं काही करत नाही. वहिनीला म्हणाला, समजा दूध उतू चाललंय. तिनं डोळे विस्फारले. पुढे दिवे हलवायच्या गडबडीत मेकअपवाला स्वतःच्याच पावडरच्या डब्यावर बसला आणि पांढरा होऊन उठला, तशी वहिनी हसली. ती अशी क्वचित हसते, खांदे हलेपर्यंत. तेवढ्यात कुणीतरी तिच्या हातात सूपचं पाकीट दिलं, जरा धरा हो ताई, म्हणून. ती सरळ बाई, सांभाळून धरलं. कॅमेरा चालू आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्यानं राहवेना. मी टोपीवाल्याला गाठलं आणि विचारलं, अहो, दोन्ही वाट्यांत सूपचा थेंब नाही, तर पोरगा ओळखणार काय?

"ताई," तो म्हणाला, "टीव्हीवर चव दिसत नाही. चेहरा दिसतो."

मला वाटलं, धंद्यातलं बोलणं असेल, आपल्याला काय कळतंय. 

जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. वहिनी कांदा-गाजर भाजतानाचं काहीच नाही. एक गोड आवाज विचारतो, यातली आईची वाटी कुठली? चिरंजीव डोळे मिटतात, चव घेतात, डावीकडे बोट ठेवतात आणि म्हणतात, हे आईचं. एक हात येतो, वाटीखालची चिठ्ठी उलटतो, आणि तिच्यावर पाकिटाचं चित्र. वहिनी डोळे विस्फारते. दादा मान डोलवतो. मग वहिनी खांदे हलवून हसते आणि पाकीट छातीशी धरते. आवाज म्हणतो, मुलालाही कळला नाही फरक, मग आईनं का राबायचं?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा म्हणाला, चांगली दिसतेस ग. चिरंजीवांचा फोन वाजायला लागला होता, ते उठून गॅलरीत गेले. वहिनी टीव्हीकडे बघत राहिली. मला म्हणाली, वन्सं, मी त्या पाकिटाला कधी हसले? मी सांगितलं, ते मेकअपवाल्याला हसलीस तेच आहे. तिला पटकन कळेना, कारण असं कुणी करू शकतं हे तिच्या डोक्यात येत नव्हतं. मेकअपवाला तर कुठंच दिसला नाही, म्हणाली.

पुढचे काही दिवस रस्त्यात बायका थांबवून तिचं अभिनंदन करायच्या. काही म्हणायच्या, आम्हीही आता तेच आणतो, उगीच कशाला मरमर करायची. मी असले की मी उत्तर द्यायची. ती एकटी असली की नुसती हसायची, आणि हसली की बायका म्हणायच्या, अगदी टीव्हीतल्यासारखी हसते हो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी दादासारखंच जाऊ दे म्हटलं असतं. पण वृद्धाश्रमातल्या एका आजींचा रक्तदाब वाढल्याचं निमित्त झालं. त्यांची मुलगी तणतणत आली आणि व्यवस्थापकबाईंना म्हणाली, ती सूपवाली तुम्हाला पाकिटाचं पाणी पाजते, त्यात मीठ किती असतं माहीत आहे का, आणि हे मी म्हणत नाही, ती स्वतःच टीव्हीवर सांगते. मग दुसऱ्यांची मुलं बोलायला लागली. व्यवस्थापकबाईंनी वहिनीला बोलावून सरळ विचारलं, तुम्ही आमच्या माणसांना पाकिटाचं देता का?

कल्पना करा. जिनं माझ्या आईच्या गळ्याकडे बघून सूप दाट-पातळ केलं, तिला हे विचारायचं. वहिनीनं नाही एवढंच सांगितलं. तिला त्यापुढे बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले आणि गोदामातलं सगळं सांगितलं, पावानं पुसलेल्या पातेल्यासकट. व्यवस्थापकबाईंनी ऐकून घेतलं. बाई तशी न्यायी आहे, मी तिला दोष देत नाही. म्हणाली, मला तुमचं पटतंय, पण तुम्ही घरच्या, तुम्ही बाजू घेणारच असं लोक म्हणतील. वाटी ओळखली ती त्या मुलानं. त्यानं येऊन माझ्यासमोर एकदा सांगू दे, मग कुणी तोंड उघडलं तर मी बघून घेईन. तोवर डबे बंद.

डबे बंद झाले. दिवस कलला की वहिनीचे हात आपोआप गाजरांकडे जायचे आणि मग तिला आठवायचं. केस नीट करायची आणि खिडकीत जाऊन बसायची. काम गेलं याचं तिला वाटत होतंच, पण तिला खात होतं ते वेगळं. मला म्हणाली, ते म्हातारे जेवताना काय म्हणत असतील हो, की हिनं आपल्याला फसवलं.

आणि चिरंजीव? चिरंजीव हवेत. दुकानाच्या मालकानं त्यांचा मोठा फोटो काचेवर लावला होता. पोरी येऊन त्यांच्याबरोबर फोटो काढायच्या आणि विचारायच्या, खरंच कळलं नाही का रे? टोपीवाल्यानं दुसऱ्या जाहिरातीचं गाजर दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, आतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत. आईनं विचारलं तर हा म्हणतो, जाऊ या ग, पुढच्या आठवड्यात बघू. बापाचाच मुलगा. आणि बाप काय करत होता? मूग गिळून टीव्हीसमोर बसला होता, आणि बातम्यांच्या मध्ये स्वतःची मान डोलताना दिसली की आवाज बारीक करत होता.

शेवटी मी दुकान बंद केलं आणि चिरंजीवांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईकं होती. मी म्हटलं, बरंच आहे, ऐकू देत. मी त्याला जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते, की तुझी आई म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात खोटं घालते असं लोक म्हणतायत आणि तू दात काढून फोटो काढून घेतोयस, हे ऐकल्यावर तो खाली बघायला लागला. म्हणाला, आत्या, इतकं झालंय हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला घरी वर बघावं लागतं. हा जेवतो कसा? डाव्या हातात फोन, उजव्या हातात घास. बाप टीव्हीकडे, पोरगा फोनकडे, आणि ही दोघांच्या मध्ये पातेलं घेऊन उभी. ते मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वृद्धाश्रमात गेलो. व्यवस्थापकबाईंची खोली लहान आहे. एक टेबल, औषधांचं कपाट, आणि स्वयंपाकघराकडे उघडणारं दार. वहिनी दाराजवळच्या स्टुलावर बसली. चिरंजीवांनी सगळं नीट सांगितलं, मी खोटं कशाला बोलू. रिकाम्या वाट्या, गरम पाणी, डावीकडे बोट, उजवीकडे बोट. म्हणाला, माझ्या आईनं आयुष्यात पाकिटाचं सूप केलेलं नाही. व्यवस्थापकबाईंनी वहिनीकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, मला विचारावं लागलं, राग मानू नका, उद्यापासून डबे पूर्वीसारखे सुरू करा.

झालं होतं. काम झालं होतं, नाव धुऊन निघालं होतं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ओढणीनं पुसत होती. तिथंच उठायला हवं होतं.

पण चिरंजीवांना आता रंग चढला होता. दोन म्हातारे दारातून डोकावत होते, त्यांनी त्याला टीव्हीवरून ओळखलं होतं. म्हणाला, बाई, नुसतं बोलण्यावर कशाला, तुम्ही कधीही दोन वाट्या ठेवा, मी आईचं सूप डोळे मिटून ओळखेन. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, अहो, काही गरज नाही. हा म्हणाला, नाही नाही, होऊनच जाऊ दे. वहिनीच्या पिशवीत व्यवस्थापकबाईंसाठी आणलेला लहान डबा होताच. आणि कुणाच्या तरी मुलीनं पुरावा म्हणून आणून दिलेली ती पाकिटं आतल्या फळीवर पडून होती. आतल्या बाईनं एक उकळून आणलं. टेबलावर दोन वाट्या मांडल्या.

या वेळी वाट्या भरलेल्या होत्या. चिरंजीवांनी डोळे मिटले. पहिल्या वाटीतला चमचा तोंडात घातला, मग दुसऱ्या. मग भुवया जराशा उंचावल्या, टोपीवाल्यानं शिकवल्या होत्या तश्शा, आणि डावीकडच्या वाटीवर बोट ठेवलं.

"हे आईचं."

दारातले म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. ते काय, त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं तेच पुन्हा झालं होतं. मी वहिनीकडे बघितलं आणि मला कळलं.

व्यवस्थापकबाईंनी दोन्ही वाट्यांतला एकेक चमचा घेतला. त्या रोज वाढायच्या आधी सूप स्वतः चाखतात, त्यांना पहिल्या घोटातच समजलं असणार. पण बाई मनानं मोठी. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, बरोबर ओळखलंत.

"नाही, बाई," वहिनी म्हणाली. "ती पाकिटाची. माझी ही."

तिनं उजवीकडची वाटी उचलली, डब्यात परत ओतली आणि झाकण लावलं. व्यवस्थापकबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, मला माहीत आहे, उद्या या. वहिनीनं मान हलवली. चिरंजीव अजून बोट वाटीवर ठेवूनच उभे होते. मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढला.

मला टोपीवाल्याचा राग आहे, आणि तो मरेपर्यंत राहणार आहे. त्यानं रिकाम्या वाट्यांवरून खोटं रचलं, माझ्या वहिनीचं हसू चोरलं, आणि मुलाला कळत नाही असं जगाला सांगितलं. त्याला कुठं माहीत होतं की ते खरं आहे? त्यानं फेकलेलं बरोबर बसलं, आणि ते बसावं अशी जागा आमच्याच घरात तयार होती, याचा मला त्याहून जास्त राग आहे.

रस्त्यानं वहिनी पुढं चालत होती. मी मध्ये, आणि चिरंजीव मागं, खाली मान घालून. थोडं अंतर गेल्यावर तो धावत तिच्याजवळ गेला. तिच्या हातातली डब्याची पिशवी त्यानं घ्यायला बघितली, तिनं दिली नाही. रडवेला झाला होता. म्हणाला, आई, मी मुद्दाम नाही ग केलं. मला खरंच कळलं नाही.

वहिनी थांबली. आमच्या घरात आल्यापासून तिला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही, आणि तेव्हाही ती मोठ्यानं बोलली नाही.

"मुद्दाम केलं असतंस तर एक थोबाडीत दिली असती," ती म्हणाली, "आणि घरी जाऊन तुला जेवायला वाढलं असतं."